बेबीबाईची तारीख

विसरवाडीच्या बेबीबाईने सख्ख्या भावावर दावा लावला तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. वावरासाठी नाही लावला, हे कोणाला सांगून पटलं नसतं. बाप गेल्यावर कळसाडीच्या हिलालने, तिच्या धाकट्या भावाने, हक्कसोडीचा कागद पाठवला: बहिणीने बापाच्या जमिनीतला वाटा सोडला म्हणून. तोही कारकुनाच्या हाती. बेबीबाईने निरोप धाडला, आखाजीला मला घ्यायला ये, माहेरच्या ओट्यावर बसून सही काय, दोन्ही हात उमटवून देते. अक्षय्य तृतीयेची आखाजी आली, लेकीला माहेरी न्यायला मुराळी कोणी आला नाही. सांजोऱ्या तळता तळता तिने कढई खाली उतरवली आणि शहाद्याचा वकील गाठला.

अकरा वर्षं तारखा पडल्या. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसून बसून बेबीबाई अर्धी वकील झाली. फौजदारीचा वकील दारातूनच ओरडत येतो, दिवाणीचा तोंडात पान असल्यासारखा हळू बोलतो, आणि फारकतीचा कोणाच्याच डोळ्यांत बघत नाही, हे तिचं बघून ठरलेलं. अपघाताच्या केसमध्ये बाई रडली तर साहेब पाणी मागवतात. बांधाच्या केसमध्ये माणूस मेला तरी मोजणीच मागवतात.

तिचा वकील भूपेश लेकाच्या वयाचा. म्हणायचा, "मावशी, केस लोण्यासारखी आहे. लेकीचा वाटा कायद्यानेच आहे. निकाल मागू या?"

"घाई काय शे? तारीख माग."

कारण तारखेला हिलाल यायचा. पहिली दोन वर्षं तो पाठ करून बसला. तिसऱ्या वर्षी त्याचं तोंड सुकलेलं दिसलं, तशी तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा पुढे सरकवला.

"जेव. केस वावरवर शे, पोटवर नही."

"आक्का, तुन्हा वकीलले सांगू नको," म्हणत त्याने दोन भाकरी उडवल्या.

मग दर तारखेला ती चार भाकरी बांधून आणू लागली. आत वकील भांडायचे, बाहेर बहीणभाऊ एका फडक्यावर जेवायचे. गेल्या वर्षी हिलाल म्हणाला, "आक्का, यंदा आखाजीले ये ना."

"कोनी लेवाले उना ते इसू."

"कोर्टमा एकली येस, माहेरले येवाले मुराळी पाहिजे?"

"पाहिजे."

केस करणाऱ्या बहिणीला आणायला गेलो तर गाव हसेल, म्हणून तो आला नाही. बोलावणाऱ्याशिवाय लेक माहेरी जात नाही, म्हणून ती गेली नाही. पुढची तारीख मात्र दोघांनी मागून घेतली.

पौषात हिलाल उसाला पाणी देताना बांधावर बसला, तो उठलाच नाही. बेबीबाईला कळलं तेराव्यानंतर, भूपेश वकिलाच्या फोनवर.

तो अर्ज घेऊन घरी आला. "मावशी, नव्वद दिवसांत त्याच्या मुलांची नावं दाव्यात घालावी लागतात. नाहीतर दावा आपोआप संपतो. इथे सही."

बेबीबाईने बोट ठेवत ठेवत एकेक अक्षर लावलं. प्रतिवादी मयत.

"मन्हा भाऊ मरी गया, आसं मी लिखी देऊ?"

"मावशी, खरंच आहे ते."

"खरं ऱ्हाऊ दे. सही नही."

भूपेशने चार फोन केले, मग सोडून दिलं. चैत्राच्या शेवटी आधीच पडलेली तारीख होती. ती गेली, चार भाकरी बांधून. शिपायाने दोघांची नावं नेहमीसारखी एका दमात पुकारली. तिने सवयीने पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. अकरा वर्षांचा दावा दोन ओळींत संपला.

आखाजीला, वर्षभरात गेलेल्याच्या नावाने त्याच्या घरी घागर भरतात. बेबीबाईने ती आपल्याच ओट्यावर भरली. शेजारची रंजनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, भाऊनी घागर बहीन भरत नही. तुले हक्क नही."

"मंग कर मन्हावर दावा," बेबीबाई म्हणाली, आणि घागरीशेजारी फडकं सोडून दोन भाकरी ठेवल्या. कळण्याच्या.