पुराव्याचं रोपटं

आमचे सासरे जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. दूधवाला पिशवी देऊन गेला की ती हातावर तोलून बघतात. शेजारीण हसून बोलली की तिची पाठ वळताच विचारतात, "आज हिचं काय काम अडलंय?" लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी विनातिकीटच आत शिरले होते. सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. आरशातसुद्धा ते तसेच बघतात."

अशा माणसाला गल्लीने झाडांचा प्रमुख केलं. केलं म्हणजे काय, दुसरं कोणी तयार नव्हतं. गल्लीच्या टोकाला भिंतीलगत वर्षानुवर्षं कचऱ्याचा ढीग होता. त्याच्या वासाने खालच्या मजल्यावरच्या खिडक्या कायमच्या बंद. काही रविवार सगळ्यांनी फावडी-घमेली घेऊन तो उपसला, आणि खरं सांगते, सासऱ्यांइतकं कुणी राबलं नाही. दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून हा माणूस गाळ ओढत होता. मग माती आली, रोपं लागली, भिंतीवर नळ बसला, आणि पाणी घालायला घराघराला वार वाटून दिले.

सुरुवातीला रोपं छान तरारली. नंतर पानं पिवळी पडायला लागली. सासऱ्यांना कारण लगेच कळलं. बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "कुणीतरी आपला वार चुकवतंय. मी नाव घेत नाही. ज्याचं त्याला माहीत." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. या नजरेपुढे भलेभले खिसे चाचपायचे. बैठक संपली आणि जो तो शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्याने बघत घरी गेला.

आता पानं गळायलाही लागली. तेवढ्यात एका रोपाच्या बुडाशी तेलाचा काळा डाग सापडला. झालं! रोपांच्या ओळीला लागूनच पंक्चरवाल्याची पत्र्याची टपरी आहे. ढीग होता तेव्हापासून, नाकाला फडकं बांधून, तो तिथे सायकली दुरुस्त करतोय. सासरे म्हणाले, "झाडं वाढली की याची टपरी हलवावी लागणार. मग हा झाडं वाढू देईल? तेल ओततोय तो." गल्लीला हे फार पटलं. चोर आपल्या जिन्यातला नाही म्हटल्यावर सगळ्यांनाच हायसं वाटलं. ठरलं असं, की सासऱ्यांनी पुरावा आणायचा आणि येत्या रविवारी बैठकीत तो दाखवून मग पालिकेला सांगून टपरी उचलायला लावायची.

ही गोष्ट पंक्चरवाल्याच्या कानावर गेलीच. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"काका, साखळीला तेल देताना सांडलं असेल एखाद्या वेळी. पण मुद्दाम कशाला टाकू? टपरी गेली तर माझं घर कशावर चालणार? गिऱ्हाईक मला नावानं नाही, जागेवरून ओळखतं."

"बघू," सासरे म्हणाले आणि दार लावून घेतलं. मला त्यांचा इतका राग आला, की त्या दिवशी मी चहात साखर घातली नाही.

मग सुरू झाला पहारा. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीआड खुर्ची टाकून सासरे दिवसभर बसायचे. मी काही न्यायला गेले की अहवाल ऐकवायचे. "शाळेतल्या बाई बादली ओतून गेल्या. त्यांचा वार नाही, तरी! याला म्हणतात जाणीव." "शिंपी कळशी रिकामी करून गेला. इकडंतिकडं बघत होता. लाजतो बिचारा चांगलं काम करताना." एका संध्याकाळी पदराआड तांब्या घेऊन खुद्द सासूबाई खाली जाताना दिसल्या, तेव्हा तर ते गहिवरले. पंक्चरवाला तेवढा काही करताना दिसेना. "सापडत नाही म्हणजे पक्का आहे," सासरे म्हणाले. आता यावर काय बोलणार?

रविवारी सकाळी पुराव्यासाठी सगळ्यात वाळलेलं रोप उपटायला ते खाली गेले. मी पिशवी धरायला सोबत. रोपाला हात लावला तसं ते अलगद वर आलं. तेलाचा वास नाही. वास होता तो फुलदाणीत विसरलेल्या फुलांच्या पाण्याचा. मुळं काळी, लिबलिबीत. खड्ड्यात तळाशी पाणी साचलेलं. त्यांनी दुसरं उपटलं, तेही तसंच. सासरे उकिडवे बसून राहिले.

सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. मी खालूनच विचारलं, "आई, तुम्ही पाणी घातलंत तो आपला वार होता का?"

"नव्हता गं. हेच म्हणाले ना, कुणीतरी चुकवतंय म्हणून? मला वाटलं, शिंपीच असणार. त्याच्या वारी मीच घालायचे."

शिंप्याला विचारलं, तर त्याला वाटलं होतं शाळेतल्या बाई. बाईंना वाटलं होतं आम्ही. गल्लीतल्या घराघरानं दुसऱ्याच्या आळसावर उपाय म्हणून चोरून पाणी ओतलं होतं, आणि वरून ते बघून आमचे सासरे खूश होत होते.

बैठक टपरीसमोरच भरली. पंक्चरवाला टायरं दोरीने बांधून तयार बसला होता.

"झाडं पाण्यानं मेली," सासरे म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून बुडवली. एकमेकांवर संशय घ्यायला तुम्हाला मी लावलं. याचा काही दोष नाही. टपरी इथंच राहील." त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"मग तेलाचं काय?" शिंपी पुटपुटला.

सासऱ्यांनी भिंतीवरच्या नळाला कुलूप घातलं आणि किल्ली पंक्चरवाल्यापुढे धरली. "आता नवी रोपं लावू. पाणी एकाच हातानं पडू दे. तू दिवसभर इथं असतोस. तूच घाल."

पंक्चरवाला टायरांची दोरी सोडत होता. त्याने किल्लीकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे, एकेकाकडे, सावकाश.

"नको काका. उद्या एखादं रोप गेलं, तर किल्ली कुणाकडं होती, हेच आधी विचाराल."

तो खाली वाकून कामाला लागला. घरी येताना सासरे जिन्यात थांबले. मला वाटलं, कंबर धरली असेल.

"खोटं नाही बोलला तो," ते म्हणाले. "मीच विचारलं असतं."