थोरल्याची दाढी

कुणाला आपलं माणूस जेवणाच्या ताटावर सापडतं, कुणाला भांडणात. धाकट्याला त्याचा थोरला भाऊ सापडायचा तो फक्त वस्तऱ्याच्या पात्याखाली.

दोघे सख्खे भाऊ आणि दोघेही न्हावी. धाकट्याला हात थोरल्यानंच दिला. फुगवलेल्या फुग्याला साबण फासून तो पोराच्या पुढ्यात धरायचा आणि म्हणायचा, "बारक्या, कर दाढी. फुटला तर समज, गिऱ्हाईक मेलं." किती गिऱ्हाइकं मेली त्याला गणती नाही. पण शेवटी एक फुगा गुळगुळीत होऊन हातात राहिला, तेव्हा थोरल्यानं तो दुकानाच्या आरशाला आठवडाभर टांगून ठेवला होता.

असा माणूस. पण लाकडात भुंगा शिरावा तसे त्याच्या डोक्यात आवाज शिरले. भिंती बोलू लागल्या. एक दिवस गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टेकवलेला वस्तरा त्यानं हळूच मिटला, टेबलावर ठेवला. "हा मला भलतंच सांगतोय," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. तो पुन्हा चार भिंतींच्या आत आला नाही. घरी आणला तर खिडकीतून उडी टाकायचा. गोळ्या दिल्या तर जिभेखाली धरून गटारात थुंकायचा. राहायला त्यानं दुकानासमोरचा पूल निवडला. वरून गाड्यांचा गडगडाट अखंड चालायचा. त्यात बाकीचे आवाज बुडतात म्हणे.

आठवड्यातून एकदा, दुकान उघडायच्या आधी, तो रस्ता ओलांडून यायचा, बाहेरच्या लाकडी खोक्यावर बसायचा आणि हनुवटी वर करायचा. धाकटा गरम पाण्यात ब्रश बुडवायचा. तेवढा वेळ थोरला शांत असायचा. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नसे. शेजारचा शिंपी म्हणायचा, "आमच्या बापजन्मी अशी दाढी कुणी केली नाही. पुढच्या जन्मी वेडा होऊनच येतो, शेठ!" धाकटा हसायचा, पण हात हलू द्यायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात पुलाखालची एक म्हातारी थंडीनं आखडून गेली. यंदा पावसाळा सरताच थोरल्याला खोकला लागला, तेव्हा धाकट्याला तीच म्हातारी दिसू लागली. तेवढ्यात बातमी आली, की नगरपालिकेनं रस्त्यावरच्या आजारी माणसांसाठी नवं घर काढलंय. मोठ्या खिडक्या, मोकळं अंगण, औषधं, पुढं राहायची सोय. खाटा थोड्या. डॉक्टरीणबाई आणि सिस्टर गाडीतून येऊन माणसं पाहून ठरवणार.

धाकट्याला वाटलं, सोनं पिकलं. कुठंही चार लोकांत जायचं तर माणसानं नीटनेटकं जावं, ही त्यांच्या धंद्याची शिकवण. त्यानं थोरल्याचे केस कापले, दाढीवर वस्तरा दोनदा फिरवला, मानेवर पावडर मारली. स्वतःचा इस्त्रीचा सदरा त्याच्या अंगात घातला. शिंप्यानं हातोहात बाह्या आखूड करून दिल्या.

गाडी आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं झोपता?"

"पुलाखाली. हवेशीर आहे."

"जेवण?"

"बारक्या देतो. मीठ जरा कमी असतं."

बाई हसल्या. दाढी झाल्यावर थोरला नेहमीच असा निवळायचा. बाईंनी त्याची नखं पाहिली, कॉलर पाहिली आणि उठल्या. "हे बरे सांभाळले गेलेत. मला आज दोनच खाटा आहेत, आणि ज्यांचं अन्नपाणी सुटलंय ते पलीकडे पडलेत."

धाकटा गाडीच्या दारापर्यंत धावला. "बाई, मोडल्याशिवाय सांधायचंच नाही, असा कुठला दवाखाना?"

"खाटा वाढवा म्हणून ओरडून माझा घसा बसलाय, भाऊ," बाई म्हणाल्या. आवाज खरंच बसलेला होता.

सिस्टर मागं रेंगाळली. "तुम्ही यांचं एवढं करता ना, तेच आडवं आलं."

"म्हणजे करायचं सोडू?"

"मी तसं म्हटलं नाही," ती घाईनं म्हणाली आणि गाडीत चढली.

म्हटलं नव्हतं, पण ऐकणारा ऐकून बसला होता.

पुढच्या आठवड्यात थोरला आला, खोक्यावर बसला. त्या दिवशी दुकान आधीच उघडलेलं, आत खुर्चीत शिंपी बसलेला, त्याच्या गालांना फेस. धाकट्यानं दारातूनच सांगितलं, "दादा, आज दुकान बंद आहे."

थोरल्यानं उघड्या दाराकडं पाहिलं, शिंप्याच्या फेसाकडं पाहिलं. हनुवटी तशीच वर ठेवून तो बराच वेळ बसला. मग उठून गेला. शिंपी आरशातून म्हणाला, "शेठ, माझी राहू दे आज." जन्मात पहिल्यांदा तो अर्ध्या दाढीनं घरी गेला.

त्यानंतरही थोरला येत राहिला आणि दुकान बंद होत राहिलं. दाढीत जटा झाल्या. उवा पडल्या. आवाजांना आता आठवड्याचीही सुट्टी मिळेना. तो पुलाच्या खांबाशी भांडू लागला. मग जेवण तसंच पडू लागलं. धाकट्याची बायको रिकामा न झालेला डबा परत आणायची.

"अहो, कसायालाही दया येते."

"कसायालाच येते. त्याला एका घावात उरकता येतं."

तिनं पदर तोंडाला लावला. त्यानंही स्वतःच्या तोंडाला वस्तरा लावणं सोडलं होतं. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "न्हाव्याच्याच घरी दुष्काळ का?"

थंडी पडली आणि गाडी पुन्हा आली. थोरला खांबाला मिठी मारून ओरडत होता, पाऊल सुजून काळंनिळं. डॉक्टरीणबाई चरकल्या. "इतक्यात इतके कसे बिघडले?"

धाकट्यानं सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनं जमिनीकडं पाहिलं. खाट मिळाली.

भेटायची परवानगी मिळाली ती थंडी ओसरताना. धाकटा धोपटी घेऊन गेला. वस्तरा दारातच काढून घेतला. बोथट कात्री आणि ब्रश तेवढा आत नेऊ दिला. खिडक्या खरंच मोठ्या होत्या. थोरला खाटेवर बसला होता, अंग भरलेलं, पाऊल बांधलेलं. डोकं आणि दाढी कुणीतरी मशीननं सरसकट उतरवलेली, कानामागं पुंजके राहिलेले.

"दादा, कानामागचं राहिलंय. घेऊ का?" ब्रश ओला करून धाकटा पुढं झाला.

थोरल्यानं त्याच्या वाढलेल्या दाढीकडं पाहिलं. मग हनुवटी छातीत रुतवली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आज दुकान बंद आहे," तो म्हणाला.

रागानं नाही. गिऱ्हाइकाला सांगतात तसं, नीट.

धाकटा खाटेच्या कडेला बसून राहिला. ब्रशातलं पाणी त्याच्या गुडघ्यावर ठिबकत होतं.

"मग कधी उघडेल, दादा?"

 भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी धाकटा उठला नाही. सिस्टर दाराशी आली, त्याला पाहून थांबली आणि आल्या पावली परत गेली.