आत्यांचा हात आणि मागची सीट

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून अशी एकही चारचाकी नसेल, जिच्या मागच्या सीटच्या फटीत माझ्या बायकोच्या आत्यांचा हात एकदा तरी जाऊन आलेला नाही. कुणी नवी गाडी घेतली की बाकीची माणसं बॉनेटवरून हात फिरवतात, ॲव्हरेज विचारतात, हॉर्न वाजवून बघतात. आत्या सरळ मागचं दार उघडतात, पदर खोचतात, बांगड्या कोपराकडे सरकवतात आणि पाठीची गादी बसायच्या गादीला जिथे भिडते त्या फटीत मनगटापर्यंत हात घालतात. डोळे मिटलेले, मान जराशी तिरकी. नाडी बघताना चेहरा होतो तसा. आतून आधी एखादं पेन, शेंगांची टरफलं, कुणाची तरी केसांची पिन असं काहीबाही बाहेर येतं. मग त्या डोळे उघडून जाहीर करतात, "हाय. दोन्ही बाजूंना हाय."

हाय म्हणजे कडी. लहान मुलाची खुर्ची गाडीला पक्की अडकवता यावी म्हणून सीटच्या आत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्या दिलेल्या असतात. निम्म्या मालकांना त्या आपल्या गाडीत आहेत हेच ठाऊक नसतं. "एक घावली की दुसरी तिथनं एक वीत नि चार बोटं," हे आत्यांचं गणित चुकलेलं मी अजून पाहिलेलं नाही. एकदा नात्यातल्या लग्नात वरात निघायची वेळ झाली आणि गाडी हलेना. बघतो तर झेंडूच्या माळा बाजूला सारून आत्या मागच्या सीटवर ओणव्या. बँडवाले थांबलेले, नवरी ताटकळलेली. आत्या बाहेर आल्या आणि भर मांडवासमोर नवरदेवाला म्हणाल्या, "तुज्या गाडीत सोय हाय रं बाबा, तू काय काळजी करू नको!" त्या मुलाचा चेहरा फेट्याहून लाल झाला.

एवढं करून आत्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. त्यांची सगळी नोकरी नर्सबाई म्हणून कशेळ्याच्या वरच्या वाड्यांवर गेली. किती बाळं त्यांच्या हातांवर जन्मली ते त्यांनाही सांगता येणार नाही. रडणारं मूल त्यांच्याकडे दिलं की गप्प होतं, हे मी अनेकदा पाहिलंय. "आत्यांच्या हातात दिलं ना, मग घोर नाही," असं आमच्या घरात सगळे म्हणतात.

आमची मुलगी झाली तेव्हा पुण्याच्या मेव्हण्याने गाडीत अडकवायची तशी एक खुर्ची पाठवली. आमची गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने तिला जाड रेक्झिनची कव्हरं शिवून आवळून बसवलेली. मी फटीत बोटं घालून पाहिली, नखं दुखली, कडी काही लागली नाही. मग चौक गावच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, "या गाडीला नाय येत, सायेब." खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. कर्जतच्या दवाखान्यातून खालापूरला घरी यायचं, ते लांब किती? सासूबाई मांडीवर घेतील, झालं.

घरी सोडायच्या दिवशी आत्या दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. सासूबाई मागे बसून, बाळाला घ्यायला हात पसरून तयार. आत्यांनी गाडीचं दार धरलं. "वैनी, उतरा."

"अहो वन्सं, बाळंतीण उन्हात उभी आहे!"

"तिला सावलीत बसवा. पोर मांडीवर जायचं नाय."

मी म्हणालो, "आत्या, गॅरेजवाल्याने पाहिलंय. या गाडीला कड्या नाहीत."

"त्यानं डोळ्यांनी बघितलं असंल," आत्या म्हणाल्या आणि बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या.

मग जे झालं ते बघायला रिक्षावाले आणि दवाखान्याचा वॉचमनसुद्धा आला. आत्यांनी कव्हरावरूनच बोटं सरकवत नेली, एका जागी थांबल्या, पुन्हा मागे आल्या. पिशवीतून कात्री काढली. नोकरी सुटली तरी कात्री सुटली नव्हती. रेक्झिनला दोन बोटांची चीर दिली आणि हात आत घातला. "ही एक." वीत मोजली, चार बोटं मोजली, तिथे चीर दिली. तिथे काही नव्हतं. कुणीतरी हसलं. आत्यांचे डोळे मिटलेलेच. "कव्हराचं इलॅस्टिक गुंडाळलंय रं हिच्यावर," त्या पुटपुटल्या, आत कात्री चालली आणि तुटलेल्या इलॅस्टिकचा गुंता बाहेर आला. मी डिकीतून खुर्ची काढून पुढे केली. कट्. कट्. आत्यांनी ती दोन्ही हातांनी हलवली. गाडी हलली, खुर्ची हलली नाही. वॉचमनने नकळत टोपी काढली होती. पुढे चौकचा तो गॅरेजवाला स्वतःच गिऱ्हाइकांना आत्यांकडे पाठवू लागला.

वाटेत बाळ झोपलं. आत्या मागे खुर्चीच्या शेजारी बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "तुमच्या मांडीवर असती तरी आम्हाला चिंता नव्हती." त्यांनी आधी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "वाडीवरनं जीपनं येत होतो, जावईबापू. बाळंतिणीला ताप, म्हणून पोर माज्याकडं. म्हैस आडवी आली. डायवरनं ब्रेक मारला आणि पोर हातातनं गेलं. मी घट्ट धरलं होतं हो. पुढच्या सीटखाली घावलं. रडत होतं, म्हणून मी जगले."

"मग?"

"बरा हाय तो. मिशी फुटलीय आता. पण माज्या हातांवर माजा भरवसा नाय राह्यला."

मी आरशात पाहिलं. आत्यांचा हात खुर्चीच्या पट्ट्यावर होता.

अलीकडे आत्यांची बोटं सांध्यांत सुजतात, फटीत पूर्वीसारखी जात नाहीत. मागच्या महिन्यात त्यांना कशेळ्याच्या बाजारात घेऊन गेलो होतो. वाडीवर जाणारी जीप भरत होती आणि एक पोरगी तान्ह्याला छातीशी धरून दारापाशीच टेकली होती. जुनी जीप, लांबलचक बाकडी. तिथे कडी कुठली? तरी आत्यांनी वाकून बघितलं. मग माणसांना सरकवून त्या पोरीला आत घेतलं, तिची पाठ टेकवली, तिच्याच पदराचा फेरा बाळाभोवती घालून कमरेशी गाठ मारली. "दोनी हातांनी धर गं," म्हणाल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "सावकाश ने रं दादा."

जीप निघाली. मी पिशवी उचलली. "चला, आत्या."

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या, आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिल्या.