उंची बाकापासून मोजा

माझे सासरे संशयी आहेत, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी होच म्हटलं असतं, पण निदान तयारीनं आले असते. दूधवाल्यापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नाही. बाहेर जाताना कुलूप लावतात, ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. स्वतः लावलेल्या कुलपावर ज्याचा भरवसा नाही, तो सुनेवर कसला ठेवणार?

त्यात नशिबानं अशी गंमत केली की आम्ही दोघं एकाच इमारतीत नोकरीला. सहा मजल्यांची सरकारी कचेरी, मधोमध उघडा चौक, चौकाभोवती प्रत्येक मजल्यावर गॅलरी. मी तळमजल्यावर टपालाच्या खिडकीत. ते देखभाल विभागात सुतार. दारं, खिडक्या, कपाटं, खुर्च्या, जे मोडेल ते त्यांच्याकडे. साहेबलोक त्यांना मिस्त्री म्हणतात आणि बाकीचे पाठीमागे शंकासुर. तोंडावर शंकासुर म्हणायची हिंमत एकट्या दफ्तरकाकांची. दफ्तरकाका म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या दफ्तरखान्याचे कारकून. बावीस वर्षं हे दोघं दुपारचा डबा तिथेच खातात, फायलींच्या ढिगाआड बसून. काकांनी जगाची टिंगल करायची आणि सासऱ्यांनी जगावर संशय घ्यायचा, असा त्यांचा संसार.

इमारतीतला संशय मात्र नुसता स्वभाव नाही. त्यामागे एक बाई आहे.

तीन वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावर कामासाठी आलेल्या एका बाईनं त्या गॅलरीतून जीव दिला. त्या दिवसाचं मी याहून जास्त लिहिणार नाही. चौकशी झाली, कठड्याची उंची मोजली, ती नियमाप्रमाणे भरली आणि फाईल बंद झाली. सासरे त्या दिवशी घरी येऊन जेवायला बसले आणि नुसते ताटाकडे बघत राहिले. कठड्याला लागून असलेलं लाकडी बाक त्यांनी केलेलं होतं. लोक तासन्‌तास ताटकळतात, बिचाऱ्यांना जरा टेकता यावं, वारा लागावा, म्हणून ते तिथे मांडलंही त्यांनीच होतं.

“उंची फरशीपासून मोजली त्यांनी,” ते म्हणाले. “बाकापासून कुणी मोजली का?”

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून खिशात टेप टाकून त्यांनी इमारत पालथी घातली. कुंडी, मोडकं टेबल, रद्दीचे गठ्ठे, पाण्याचं पिंप, ज्यावर पाऊल ठेवता येईल ती प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी आरोपी. कठड्याजवळ दिसली की उचलून आतल्या भिंतीला. सगळी बाकं आतल्या भिंतीला गेली. कठडे वाढवा म्हणून त्यांनी सात अर्ज केले. ते सांगायचे, मी लिहायची, आणि टपालात नोंदवायचीही मीच. उत्तर एकदाच आलं, की तसं केल्यास इमारतीच्या सौंदर्याला बाधा येईल. मग एक दिवस मला साक्षीला घेऊन ते थेट इंजिनिअर साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

“मिस्त्री, ज्याला जीव द्यायचाय तो कुठेही देईल,” साहेब म्हणाले. “आपण कुठे कुठे अडवत बसणार?”

“कुठेही नाही देत, साहेब. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय मी. त्या म्हणाल्या, ती वेळ टळली की बहुतेक माणसं वाचतात, आणि वाचलेली जगतात. आणि बाकीच्या जागा बाकीच्यांनी बघाव्यात. ही इमारत माझ्याकडे आहे. इथून पुन्हा कुणी जाणार नाही.”

साहेब हसले. मला त्यांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली.

आणि मग गेल्या वर्षी पाचव्या मजल्यावरचं ते बाक हलायला लागलं.

सासऱ्यांनी बाकाच्या चारही पायांभोवती फरशीवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. सकाळी नऊला बाक खुणेवर असायचं. दुपारी चारला बघावं तर वीतभर पुढे, कठड्याच्या दिशेनं. ते पुन्हा मागे सरकवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पुढे. एखाद्या दिवशी दोन विती.

“कुणीतरी अंदाज घेतंय,” ते मला म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या शंका मी हसण्यावारी नेल्या होत्या, या वेळी जमलं नाही.

मग सुरू झाला तपास. झाडूवाल्या मावशींना त्यांनी तीनदा गाठलं. “मी फरशी पुसते, मिस्त्री. बाकाची वरात काढत नाही,” असं सुनावून मावशींनी बादली आपटली. महिनाभर रोज येऊन पाचव्या मजल्यावर एकटाच बसणारा राखाडी कोटातला एक माणूस होता. सासरे त्याच्या मागे मागे जिना उतरून रस्त्यापर्यंत गेले. त्याला वाटलं पाकीटमार आहे, त्यानं आरडाओरडा केला. शेवटी कळलं की दाखल्यावरची जन्मतारीख चुकलीय आणि दुरुस्त होत नाहीये. तरी सासऱ्यांची खात्री पटेना. ते स्वतः त्याच्याबरोबर टेबलाटेबलांवर फिरले आणि संध्याकाळपर्यंत तारीख दुरुस्त करून घेतली. म्हणाले, “एक कारण तरी कमी झालं त्याचं.”

मग माझी पाळी. रात्रीची भांडी आवरत होते, तर दारात उभे.

“सूनबाई, मंगळवारी साडेतीनला पाचव्यावर का गेली होतीस?”

“टपाल द्यायला.”

“टपाल अकराला जातं.”

“दुसरं आलं होतं, बाबा! आता त्याचीही पावती दाखवू का?”

मी चांगलीच तापले होते. ते जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, “बरी आहेस ना तू? माझा मुलगा नीट वागतो ना तुझ्याशी? काही असलं तर मला सांग. आधी मला सांग.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माहेर सोडल्यापासून असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बरी आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच गेले.

संशयितांची यादी दफ्तरखान्यात डबा खाताना तयार व्हायची. काका पाठकोऱ्या कागदाचा तुकडा द्यायचे आणि शेरेबाजी करायचे. एकदा मीही तिथे जेवायला होते.

“अरे शंकासुरा, बाकाला चार पाय आहेत. जात असेल फिरायला,” काका म्हणाले.

“चेष्टा नको. टंकलेखन विभागातली ती पोरगी हल्ली गप्प असते. लिहितो तिला.”

“तिचं लग्न ठरलंय, म्हणून गप्प आहे. सराव करतेय. तिला सोड आणि माझं नाव लिही.”

“तुझं? स्वतःची खुर्ची सरकवायची तर मला हाक मारतोस तू. बाक काय सरकवणार!”

काका हसले, सासरे हसले, मीही हसले. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी काका रजेवर होते. त्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी कुणालाही न विचारता ड्रिल मशीन वर नेलं, फरशीला भोकं पाडली आणि ते बाक आतल्या भिंतीशी लोखंडी पट्ट्या अन् बोल्टांनी जखडून टाकलं. आवाजानं अख्खी कचेरी गोळा झाली. सरकारी फरशी विनापरवाना फोडली म्हणून संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातात मेमोही पडला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि जाता जाता बाक ओढून बघितलं. चार पावलं गेले आणि परत येऊन पुन्हा ओढलं.

सोमवारी एक वाजून गेला तरी काका डब्यावर आले नाहीत. सासरे दफ्तरखान्यात एकटेच बसले होते. मी पाचव्यावर उशिरा आलेलं टपाल घेऊन गेले, तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, “हा बावीस वर्षांत कधी उशिरा आला नाही.” आम्ही दोघंही निघालो. गॅलरीच्या कोपऱ्यावर वळलो आणि थांबलो.

काका बाकावर बसले होते. चष्मा काढून शेजारी ठेवलेला. दोन्ही तळवे लाल झाले होते आणि बोटांना नव्या लोखंडाचं काळं लागलं होतं.

सासऱ्यांनी ते हात पाहिले. शेजारी बसले. मग सरळ विचारलं, “जीव द्यायला निघाला होतास?”

काकांनी मान हलवली. हो म्हणून.

“हे कधी केलंस?” काकांनी बोल्टाकडे बोट दाखवलं.

“शुक्रवारी.”

“चार वेळा ओढलं मी. हलेना. मग दमलो आणि बसलो. बसलो ते बसलोच. बावीस वर्षं तुझ्या कामाला नावं ठेवली, आणि नेमकं हेच पक्कं करायचं होतं तुला?”

“का रे पण?” सासऱ्यांचा आवाज फाटला. “काय झालंय तुला?”

“एकच काही असतं तर सांगितलं असतं. दफ्तरखाना बंद होणार, ही गेली, झोप नाही... नुसतं तेवढंही नाही. मला सांगता येत नाही.” मग काकांनी मान वर केली. “रोज वीतभर सरकवायचो आणि परत जागेवर जाऊन बसायचो. तुला दिसावं असं वाटायचं की दिसू नये असं, ते माझं मलाच कळत नव्हतं. मावशींवर संशय घेतलास, त्या कोटवाल्यावर घेतलास, पोटच्या पोरीसारख्या सुनेवर घेतलास. माझ्यावर का नाही घेतलास रे? मी म्हटलं होतं तुला, माझं नाव लिही.”

सासऱ्यांनी ते लाल झालेले तळवे आपल्या हातांत घेतले. “तू हसत होतास रे,” एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मी काकांच्या मुलीला फोन लावला. सासरे काकांचा हात न सोडता पाच मजले उतरले आणि तसेच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. काका दोन महिने रजेवर होते. औषधं चालू होती, मुलगी येऊन राहिली होती, आणि सासरे रोज संध्याकाळी त्यांच्या घरी डोक्यावर बसायला जात होते.

मधल्या काळात इंजिनिअर साहेब मेमोचा खुलासा मागायला स्वतः पाचव्यावर आले. सासऱ्यांनी त्यांच्या हातात टेप ठेवली.

“साहेब, या बाकानं एका माणसाला धरून ठेवलं. नाव विचारू नका. कठडा मोजा, पण फरशीपासून नको. बाकापासून मोजा.”

साहेबांनी बाकाची बैठक मोजली, कठडा मोजला, एकातून एक वजा केलं. आकडा बघून पुन्हा मोजलं. या वेळी ते हसले नाहीत. चार महिन्यांनी सगळ्या मजल्यांवर उंच कठडे लागले. गज उभे, आडवी पट्टी एकही नाही, कारण आडव्या पट्ट्यांची शिडी होते हे सासऱ्यांनी साहेबांना नकाशावर बोट आपटून सांगितलं होतं. आता सासरे आठवड्यातून एकदा प्रत्येक गज हलवून बघतात. सौंदर्याचं म्हणाल तर एकाही माणसानं तक्रार केलेली नाही.

काका कामावर परतलेत. दफ्तरखाना दुसऱ्या मजल्यावर, छोट्या खोलीत गेलाय. डबा उघडण्याआधी सासरे खिशातून तो पाठकोरा कागद काढतात. त्यावरची सगळी नावं खोडलेली आहेत, खाली एकच नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय.

“आज?” ते विचारतात.

काका बहुतेक वेळा म्हणतात, “आज नाही. जेव आता.” एखाद्या दिवशी म्हणतात, “आज जरा आहे रे.” मग डबे तसेच राहतात आणि दोघं खाली उतरून कचेरीभोवती फेऱ्या मारतात.

कालही माझ्या खिडकीसमोरून गेले. तिसऱ्या फेरीला काकांनी साहेबांच्या चालण्याची नक्कल केली आणि सासरे खो-खो हसले. चार पावलं पुढे गेले, थांबले, परत काकांजवळ आले आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत त्यांनी पुन्हा विचारलं.