हबीबभाऊंची पानं आणि माझा जर्मन

पुण्याहून निघाले तेव्हाच मी दमलेली होते. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांचे पेपर तपासून मान आखडलेली, डावा गुडघा सुजलेला, त्यात समोरच्या बाकावरचे गृहस्थ वर्ध्यापर्यंत असे घोरत होते की डोळ्याला डोळा लागला नाही. वर्ध्याला गाडी बदलून चंद्रपूर, तिथून एसटीनं मूल, गडचिरोली आणि मग चामोर्शी. हौसेनं एवढ्या लांब कोण जातं? मी वाळलेली पानं आणायला चालले होते.

झालं असं, की एका दिवाळी अंकात मी एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावर लेख लिहिला होता. औषधं बनवण्याचं शिक्षण घेतलेला हा माणूस. घरात क्षय शिरलेला, म्हणून उरलेल्या दोन बहिणींना घेऊन तो जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेला. इंग्रजांचं राज्य, परकी भाषा. औषधाच्या दुकानात नोकरी करता करता तो डोंगर तुडवू लागला आणि पुढं सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. गावोगावच्या बायाबापड्या त्याला टपालानं फांद्या पाठवायच्या. आयुष्यभर त्यानं पानंच जमवली. लग्नसुद्धा केलं नाही.

तो लेख वाचून चामोर्शीहून पत्र आलं. लिहिणारे हबीब शेख, सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. ‘मीही नोकरीभर जंगलातली पानं वाळवून ठेवली आहेत. शास्त्रातली नावं लागत नाहीत. तुम्ही येऊन न्या.’ त्या भागातल्या झाडांची नीट यादी मी तरी कुठं पाहिली नव्हती. पत्र वाचून मी हरखले. खरं सांगायचं तर मला वरच्या जागेवर बढती हवी होती आणि त्यासाठी नावावर छापलेलं काम हवं होतं. पानं हातात यायच्या आधीच मी यादीचं पहिलं पान टाइप करून बॅगेत घातलं. वर माझं एकटीचं नाव. हबीब शेख शेवटी, आभारात. आमच्याकडे असंच करतात, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मूलच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. आम्ही सगळे खाली उतरून एका बांधीच्या (भाताच्या खाचराच्या) धुऱ्यावर (बांधावर) बसलो. धान कापून झालेलं होतं, जागोजागी पुंजणी (कापलेल्या धानाच्या गंज्या) उभी होती. भातगिरणीचा कोंडा वाऱ्यानं उडून डोळ्यांत जात होता. माझा गुडघा ठणकत होता आणि चाक काही निघत नव्हतं.

शेजारच्या बाईंनी पिशवीतून मुरमुरे काढून माझ्या ओंजळीत ओतले. “कुठी जाऊन राह्यल्या बाई?”

“चामोर्शीला. हबीब शेख म्हणून आहेत, त्यांच्याकडे.”

“कंपोटरभाऊ? मंग सांगा ना तसं!” बाई खुलल्या. “माही सासू तापाची गोळी घ्याले गेली होती त्यायच्याकडे. म्हने, तुमच्या गोळीपेक्षा आमची मुळी बरी. तं भाऊ म्हने, आन मंग फांदी! नेऊन देल्ली तिनं. तिचं नाव लिवलं त्यायनं कागदावर. सासू मेली, पन नाव हाये म्हंते तिथी.”

मी मुरमुरे खात राहिले. बॅग मांडीवर होती, ती उगाच खाली ठेवली.

वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा नदीत वाळूच जास्त दिसत होती. चामोर्शीला पोचले तो बाजाराचा दिवस. सुकटीचा वास, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या, आणि कुठल्याशा नाटकाचा भोंगा लावलेली जीप. त्या गर्दीतून पांढरी टोपी घातलेले, काटकुळे हबीबभाऊ थेट माझ्याकडे आले. “तुमीच ना पुन्याच्या बाई? थकल्यासारक्या दिसून राह्यल्या, म्हनून ओळखलं.” खोटं नव्हतं ते, मला हसू आलं.

घरात शिरताच कडुनिंबाच्या पाल्याचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. औषधांच्या जुन्या लाकडी खोक्यांत गठ्ठेच्या गठ्ठे रचलेले होते. एकेक पान उलटलं आणि माझा थकवा कुठल्या कुठे गेला. कीड नाही, बुरशी नाही. वर्तमानपत्राच्या घडीत फांदी, फूल, फळ, सगळं जागच्या जागी. दवाखान्याच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला झाडाचं गावातलं नाव, गोंडी नाव, जागा, आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘आणलं: ताराबाई, खोकल्याचं औषध न्यायला आल्या तेव्हा.’ ‘आणलं: मैनाबाई, तेंदूपानं तोडताना.’ प्रत्येक पानावर अशी ओळ.

“जंगलात मी कमीच गेलो बाई,” हबीबभाऊ म्हणाले. “हे सारं पेशंटायनं आनलं. मी निस्ता दाबून ठेवनारा.”

जेवायला भात, वांगं-झिंगे आणि अंबाडीची भाजी होती. त्यांच्या बायको जुलेखाभाभी पातेलं घेऊन डोक्याशीच उभ्या, नको म्हणायची सोय नव्हती. जेवता जेवता हबीबभाऊंनी विचारलं, “त्या जर्मनचं पुढं काय झालं? तुमच्या लेखात शेवट घाईत झाला.”

मी सांगितलं. लोकांना फुलांचे ताटवे हवे होते आणि हा शास्त्रापुरती झाडं लावत बसला, म्हणून त्याच्या हातातली बाग काढून घेतली. त्या देशातल्या सगळ्या झाडांचा मोठा ग्रंथ त्याला लिहायचा होता, तो लंडनच्या एका विद्वानाला दिला. त्या विद्वानानं त्या भूमीवर कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. जर्मनानं मात्र आपली पानं खोक्यांत भरून जहाजानं त्याच्याकडे पाठवली, खोक्यामागून खोकी, वर्षानुवर्षं.

“आन् नाव?”

“मोठ्या अक्षरात लंडनवाल्याचं. याचं खाली, मदत केली म्हणून.”

हबीबभाऊंचा घास हातातच राहिला. “मंग काऊन पाठवलं त्यानं?”

“जुने नमुने लंडनला होते. ताडून पाहिल्याशिवाय नावं लागत नव्हती.”

त्यांनी तो घास तोंडात घातला, सावकाश चावला. मग म्हणाले, “बरोबर हाये. पानायले नाव लागलं पायजे. माहं काय, माह्यामागं हे रद्दीतच जाईन. तुमी न्या सारं. तुमच्यावर भरोसा हाये.” मी ताटातला भात नुसताच चिवडू लागले. भाभींना वाटलं तिखट झालं, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

सकाळी त्यांनी गठ्ठे सुतळीनं बांधले, सायकल रिक्षातून स्टँडवर आणले आणि एसटीच्या मागच्या सीटवर स्वतः रचले. “पानी लागू देऊ नका बाई,” म्हणून खाली उतरले. मी खिडकीत बसले होते. काही न बोलता निघून जाता आलं असतं. गाडीचं इंजिन सुरू झालेलं होतं, गुडघा दुखत होता, घरी जायची ओढ लागली होती. पण मला ते जमेना. मी खाली उतरले आणि बॅगेतून ते टाइप केलेलं पान काढून त्यांच्या हातात दिलं.

पान इंग्रजीत होतं, पण कंपाउंडरचे डोळे एकही अक्षर सोडणारे नव्हेत. त्यांनी चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवलं. “हे तुमचं नाव. माहं?”

“शेवटी. आभारात.”

“आन् ताराबाई? मैनाबाई?”

“नाहीत.”

“काल जेवताना तं तुमी त्या लंडनवाल्यावर लई चिडल्या होत्या.” आवाज अजिबात चढला नाही. “मले वाटलं, ह्या बाई येगळ्या हायेत.”

मला फार लाज वाटली. चुकलं म्हणाले, बदलते म्हणाले. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

“बसाचं का उतराचं, काही तं ठरवा बापा!” कंडक्टर ओरडला.

हबीबभाऊ गाडीत चढले आणि एकेक गठ्ठा खाली आणू लागले. मी हात लावायला गेले तर म्हणाले, “राहू द्या.” सगळे रिक्षात गेल्यावर सर्वांत लहान गठ्ठा त्यांनी माझ्या हातात ठेवला. “तुमी सोताहून सांगतलं, म्हनून हा एक. नावं लावून पाठवा. मंग पाहू.” टाइप केलेलं पान त्यांनी घडी करून मला परत दिलं.

परतीच्या प्रवासाचं मला फारसं काही आठवत नाही. मूलला चहा घेतला तो ओकारी येईल इतका गोड होता. पुण्यात विभागप्रमुखांनी गठ्ठा पाहून विचारलं, “एवढ्यासाठी आठवडाभर रजा घेतलीत?” बढती त्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

त्या एका गठ्ठ्यावर मी उन्हाळाभर बसले. दोन पानांची नावं शेवटपर्यंत लागली नाहीत. बाकीची यादी टाइप केली: वर हबीब शेख, प्रत्येक झाडापुढं ते आणणारीचं नाव, माझं कुठंच नाही. छापायला देण्याआधी ती चामोर्शीला पाठवली. या कामात त्या जर्मनाची रोज आठवण यायची. पूर्वी मला त्याची कीव यायची, आपलं सगळं दुसऱ्याच्या ओटीत घातलं म्हणून. खोकी लंडनला उघडणाऱ्या माणसाचा मी कधी विचारच केला नव्हता. तोही रात्रंदिवस राबलाच असेल, आणि आपण काही वावगं करतो आहोत असं त्याला वाटलंही नसेल. मला कुठं वाटलं होतं?

पावसाळा लागता लागता यादी परत आली. लाल शाईनं तीन बायांच्या नावांचं शुद्धलेखन सुधारलेलं होतं. आणि पहिल्या पानावर, हबीब शेख या नावाखाली, कंपाउंडरच्या बारीक नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘नावं शोधली:’ आणि पुढं माझं पूर्ण नाव. मी तिथंच, स्टाफरूममध्ये, चारचौघांत रडले. मग पाकीट उलटं करून झटकलं, आणखी एखादी चिठ्ठी असेल म्हणून. दुसऱ्या गठ्ठ्याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि विचारायला मला तोंड नाही.