तीन केस आणि आठ दिवस

१२ जानेवारी. बाईंचं लोखंडी कपाट रिकामं करते आहे. त्यांना जाऊन महिना झाला आणि घरमालकाला खोली रंगवायची आहे. सकाळपासून कापसाचे गठ्ठे, चिमट्यांचे डबे, भिंगाचा मोडका दिवा आणि येणाऱ्या बायकांच्या नोंदींची खोकंभर कार्डं निघाली. पाठ भरून आली आहे, अजून दोन खण बाकी आहेत.

आमच्या बाई समोरच्या बाईचा चेहरा आधी बघायच्याच नाहीत. हनुवटीवरचे केस कायमचे काढायला आलेली बाई ओढणी सोडते न सोडते, तोच त्या विचारायच्या, "काल तोंडाला काय लावलं होतं?" मग साखर आहे का, हृदयाला यंत्र बसवलंय का, जखम झाली की डाग राहतो का. त्यानंतर दिवा ओढून कानाखालची जागा बघायच्या, तिथले तीन केस सुईने काढायच्या आणि म्हणायच्या, "आता आठ दिवसांनी या."

बायका चिडायच्या. नवऱ्याला दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून, सातपूरहून दोन रिक्षा बदलून आलेली बाई तीन केसांवर कशी समाधान मानेल? बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "तीन केसांत कातडी काय ते सांगते. आधी तिचं ऐकू, मग तुमचं."

त्यांचं काम तसं साधं. केसाच्या मुळाशी बारीक सुई सरकवायची आणि क्षणभर वीज द्यायची. थोडी लाली येते, थोडी सूज येते, ती दिवसा-दोन दिवसांत उतरते. एखादी बारीक खपली धरते, ती आपोआप पडते. पण शेजारशेजारचे केस एका दमात काढले किंवा वीज जास्त झाली, की कातडी भाजते. आपल्या सावळ्या रंगावर त्याचा डाग महिनोन्‌महिने बसून राहतो. म्हणून बाई एक केस इथला काढला की दुसरा लांबचा घ्यायच्या. मी शिकत असताना एकदा ओळीने केस काढत सुटले, तर मागून आवाज आला, "हाई काय शे? कांद्याची लागण चाललीय का?" बाई मूळच्या सटाण्याच्या. एरवी शुद्ध बोलत, रागावल्या की माहेरची बोली बाहेर यायची.

सुईचं पाकीट त्या समोरच्या बाईला दाखवून फोडायच्या आणि वापरलेली सुई तिच्यासमोरच झाकणाच्या डब्यात टाकायच्या. निघताना बजावायच्या, "दोन दिवस पावडर नाही, वाफ नाही, ऊन नाही. खपली काढलीत तर माझ्याकडे येऊ नका." खपली काढलेल्या बायका यायच्याच. बाई त्यांच्यावर ओरडायच्या आणि मलम लावून द्यायच्या.

अकरा वर्षांपूर्वी बाई भावाच्या मोतीबिंदूसाठी चार दिवस सटाण्याला गेल्या होत्या. खोली माझ्यावर होती. त्यांच्याकडे मला दोन वर्षं झाली होती आणि हात बसला असं मला वाटत होतं. चांदवडहून स्वाती नावाची मुलगी आत्याला घेऊन आली. लग्न तोंडावर आलेलं.

"करून टाका ना ताई एकाच बैठकीत," आत्या म्हणाली. "आता पोरीला परत कुठं पाठवू? घरात पाहुणे भरलेत."

मी करून टाकलं. तीन केस नाहीत, आठ दिवस नाहीत. सगळी हनुवटी, ओळीने. बाईंना फोन करायचं मनातही आलं नाही. हळद कधी आहे हेसुद्धा विचारलं नाही. हळद तिसऱ्या दिवशी होती. सवाष्णींनी नवरीच्या तोंडाला हौसेने हळद चोळली, आणि चोळता चोळता सगळ्या खपल्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. "या बघायला! नवरीचं तोंड हाय का वडा हाय ते सांगा!" बाई त्याच सकाळी परतल्या होत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि मला गाडीत बसवून चांदवडला नेलं.

स्वाती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. हनुवटी सुजून पिवळी-लाल झालेली, दोन ठिकाणी पाणी येत होतं. बाईंनी तिचा चेहरा नुसत्या गार पाण्याने हलकेच धुतला. "आता हळद हातापायाला. तोंडाला कोणी बोट लावायचं नाही," असं सवाष्णींना सांगितलं आणि पोरीला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन निघाल्या. दारात आत्या माझ्या अंगावर धावून आली. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"तिला बोलू नका. तिने मला फोन केला होता. मीच म्हणाले, करून टाक."

मी पिशवी उचलली आणि बाईंच्या मागून बाहेर पडले.

परतीच्या गाडीत मी शिव्यांची वाट बघत होते. अर्धा रस्ता सरल्यावर बाई म्हणाल्या, "तुझं नाव खराब झालं असतं तर तुझ्या हातात परत कोणी चेहरा दिला नसता. माझं वय झालंय, मला चालतं." त्यानंतर महिनाभर त्यांनी मला फक्त तीन-तीन केस काढायला दिले.

लग्न झालं. डाग जायला दीड वर्ष लागलं. एक गेलाच नाही, ओठाखाली मसुराएवढा आहे. स्वाती माहेरी आली की बाईंना दाखवायला यायची. पुढे नवऱ्याने चांदवडलाच दुकान टाकलं, ती त्यात अडकली आणि तिचं येणं थांबलं.

बाई गेल्याचं कळवायला मी तिला फोन केला होता. ती हळहळली. मग म्हणाली, "चांगल्या होत्या हो बाई. माझ्या वेळी मात्र घाई केली त्यांनी."

मी "हं" म्हटलं, फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

आज खोक्यात तिचं कार्ड सापडलं. वर बाईंच्या अक्षरात लिहिलंय: 'चाचणी नाही. परवानगी माझी.' खोटं बोलल्या ते बोलल्या, कागदावरही तसंच ठेवलं. खाली प्रत्येक खेपेची नोंद आहे. डाग तुरीएवढा, मग मसुराएवढा, पुढे 'तेवढाच'. शेवटच्या ओळीत, 'पोरगी हसली.'

बाकीची कार्डं पोत्यात भरली. हे एक पर्समध्ये ठेवलं.

१३ जानेवारी. पहिल्या गाडीने चांदवडला गेले. स्वाती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी बसले नाही. कार्ड तिच्या हातात दिलं.

"मी बाईंना फोन केलाच नव्हता," मी म्हटलं. "घाई माझी होती."

तिने कार्ड दोनदा वाचलं. अंगठा आपोआप ओठाखाली गेला.

"मग त्या तसं का म्हणाल्या?"

"माझ्यासाठी."

"अकरा वर्षं मी त्यांना नावं ठेवली, ताई. सासरी, माहेरी, सगळीकडे."

"माहीत आहे मला."

तिने मला चहा विचारला नाही. कार्ड मात्र पदराला पुसून आत नेऊन ठेवलं.