वेणीचा मफलर

क्रोशाचं विणकाम शिकायला येणारी बाई पहिल्या दिवशी मोबाईलमधला एखादा फोटो पुढं करते. बाळाचं टोपरं, टीपॉयवरचा जाळीदार रुमाल, नाहीतर एकदम स्वेटरच. मी फोटो बघते, छान आहे म्हणते आणि मोबाईल बाजूला ठेवायला लावते. माझ्याकडं सुरुवात वेणीच्या मफलरनं होते. मऊ जाड लोकर घ्यायची, सुईही जाडच. तीन लांब पट्ट्या विणायच्या, त्यांची वेणी घालायची, दोन्ही टोकं गळ्याशी आणून एक मोठं बटण लावायचं. नवशिक्या हाताचा टाका कुठं सैल पडतो, कुठं आवळला जातो. रुमालात ते लगेच नजरेत भरतं, वेणीत शोधूनही सापडत नाही. आणि स्वतः केलेली पहिली वस्तू गळ्यात घालून घरी गेलेली बाई पुढच्या आठवड्यात परत येतेच. इतक्या जणींना शिकवल्यावर एवढं तरी मी खात्रीनं सांगू शकते.

मी मूळची श्रीरामपूरची. शेजारच्या निवृत्त नर्सबाई चर्चसाठी लेसचं कापड विणायच्या, त्यांच्या पायरीवर बसून मी शिकले. लग्न होऊन सोनईला आले ती सुया घेऊनच. इथं दुपारी भांडी उरकली की पुढच्या खोलीत माझा क्लास भरतो. गल्लीतल्या, मळ्यातल्या बायका येतात. विणतात थोडं, बोलतात जास्त. मला दोन्ही चालतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र क्लास मुका झाला. त्याला कारण मामा, म्हणजे माझे सासरे. गुरांच्या हौदापाशी शेवाळावरून त्यांचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं मिटेनात. नगरच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. मामांनी तो दोन-चार दिवस दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. ज्या माणसानं सगळी हयात कांदा आणि ऊस केला, ट्रॅक्टरचा नट हातानं सोडवला, त्याला सकाळी सदऱ्याची बटणं बायकोकडून लावून घ्यावी लागत होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बटणं लावायच्या आणि मामा तेवढा वेळ भिंतीकडं बघत राहायचे.

शेतात जाता येत नाही म्हणून ते दुपारभर पुढच्या खोलीतच पेपर घेऊन बसू लागले. मग बायका कशाला बोलतील? आल्या की डोक्यावर पदर, मान खाली, नुसती सुई चालायची. अंगणवाडीतली ताई एरवी सगळ्यांना हसवते, तीसुद्धा गप्प. शेजारच्या घरची नवी सून तर दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला हाक मारायला गेले तर म्हणाली, "मामा बसत्यात ना तिथं. मला लाज वाटती."

मामांना उठा म्हणणं मला जमणार नव्हतं, आणि पटणारही नव्हतं. घर त्यांचं. पण क्लास माझा होता. दुसऱ्या दिवशी बायका यायच्या आधी मी त्यांच्यापुढं जाड सुई आणि राखाडी लोकरीचा गुंडा ठेवला.

"ह्ये काय?"

"मामा, या खोलीत दुपारी बसायचं तर विणायचं. सगळ्यांना तोच नियम आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता पेपर आपटून उठतील. पण ते म्हणाले, "बायकांचं काम हाय ते."

"डॉक्टरांचं काम आहे. चेंडू दाबायचा तुम्हाला कंटाळा येतो. यात बोटं तेवढीच हलतात, वर वस्तू होते."

त्या दिवशी गुंडा तसाच पडून राहिला. त्याच आठवड्यात तपासणीला नगरला गेलो, तेव्हा मी पिशवीतून सुई काढून डॉक्टरांनाच दाखवली. डॉक्टर हसले. म्हणाले, चालू द्या, दुखलं की थांबा. परतताना गाडीत मामांनीच विषय काढला, "सुई कशी धरायची म्हनतेस?"

साखळी त्यांना लवकर जमली. फासातून धागा ओढायचा, पुन्हा फास, पुन्हा धागा. खांब, म्हणजे उभा टाका, मात्र जमेना. सुईवर धागा घेऊन ती टाक्यात घालायची, धागा ओढायचा, मग दोन टप्प्यांत सोडवायचा. ताठ बोटांतून सुई सारखी निसटायची. ते ओठ आवळून ती पुन्हा उचलायचे. खाली मान घालून बसलेल्या बायका हळूहळू माना वर करून बघायला लागल्या. एकदा सुई गडगडत नव्या सुनेच्या पायाशी गेली. तिनं ती उचलून दिली आणि पदराआडून म्हणाली, "मामा, करंगळीवर धागा गुंडाळा, मग सैल व्हत न्हाई." मामांनी गुंडाळला. "व्हय की," म्हणाले. अंगणवाडीच्या ताईला हसू आलं, मग सगळ्यांनाच. क्लासला पुन्हा वाचा फुटली.

हातभर पट्टी झाली तेव्हा त्यांनी ती मला दाखवली. सुरुवातीला चार बोटं रुंद होती, शेवटी दोन. असं सगळ्यांचं होतं. ओळ संपवून वळताना आपण तीन साखळ्या घालतो, तो पहिला खांब धरायचा असतो. परतीच्या ओळीत शेवटचा टाका त्या साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा, आणि नवशिके नेमके तिथंच चुकतात. चुकेल त्या ओळीत एक खांब गळतो. टाक्यांचा सैलपणा वेणी पोटात घालते, पण निमुळती पट्टी घालत नाही.

"मामा, उसवावं लागेल."

"सगळं?"

"इथपर्यंत." मी बोट ठेवलं. जवळजवळ सगळंच होतं ते.

"मी न्हाई उसवनार. दुखत्या हातानं केलंय." पट्टी बाजूला टाकून ते गोठ्याकडं निघून गेले.

बायका माझ्याकडं बघत होत्या. ताई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्यायचं होतं की वो. म्हातारं मानूस." मी नकारार्थी मान हलवली. म्हातारं माणूस म्हणून त्यांना वाकडी पट्टी चालेल, असं मी का धरून चालू? त्यांनी आयुष्यात कधी वाकडी सरी पाडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. मामा ओट्यावर उन्हात बसले होते. पट्टी मांडीवर, धागा ओढून ओढून गुंड्यावर गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "त्यो शेवटचा टाका दाव पुन्यांदा." मी केरसुणी टाकून तिथंच बसले.

त्यानंतर पट्टी सरळ निघाली. दुसरी पहिलीपेक्षा लवकर झाली, तिसरी तर ते गप्पा मारता मारताच विणत होते. वेणी घालायच्या दिवशी मी दाखवायला पुढं झाले तर त्यांनी हातानंच थांबवलं. तिन्ही टोकं खिडकीच्या गजाला बांधली आणि झरझर वेणी घातली. ना पट्टी उलटली, ना पेड सैल पडला.

"मामा, हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"पोरीची शाळा सकाळची. हिची तवा धारांची येळ. मग वेन्या कोन घालनार?" माझ्या नणंदेच्या शाळेच्या वेण्या मामांनी घातल्या होत्या. इतकी वर्षं मी या घरात आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बटण मी पेटीतून काढून दिलं, लाकडी, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं. ते त्यांनीच शिवलं आणि दोन-तीनदा लावून-काढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या गोठ्यात निघाल्या, डोक्याला-गळ्याला टॉवेल गुंडाळून, नेहमीसारख्या. लोकर टोचते म्हणून त्यांनी कधी स्वेटरसुद्धा घातला नव्हता. मामांनी त्यांना दारातच थांबवलं, गळ्यातला टॉवेल काढला आणि मफलर घातला.

"ह्यो काय पट्टा बांधताय गुरावानी?"

"मफलर हाय. थांब जरा." बटण पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदा लागलं.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, केला मी आणि नाव ह्यांचं. मी म्हणाले, "आत्या, यातला एकही टाका माझा नाही." त्यांनी वेणी चाचपली, मानेवर बोट फिरवून टोचतं का ते पाहिलं आणि काही न बोलता बादली उचलून गेल्या. मामा जरा वेळ दारातच उभे राहिले. मग चहा मागितला.

घरी जे बोलल्या नाहीत ते आत्या डेअरीवर बोलल्या. मला कळलं ते दुपारी. वरच्या आळीच्या तीन बायका दारात उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मामांनी केला ना मफलर, तसा शिकवता का आम्हाला?" मी त्यांना आत घेतलं. मामांनी पेपर तोंडावर धरला होता, पण पान उलटत नव्हते.

हिवाळा संपेपर्यंत त्यांनी आणखी दोन केले, एक नणंदेला, एक स्वतःला. मनगट पूर्ण वळत नाही, करंगळी अजून वाकडीच आहे. पण सदरा ते आता स्वतः घालतात. ऊन वाढल्यावर मी लोकर आवरली आणि क्लासला सुती धागा सुरू केला. मामांनी त्या बारीक सुईकडं एकदा बघितलं. "ह्ये तुमचं तुमी करा," म्हणाले, आणि टोपी घालून कांदा काढायला मळ्यात गेले.